लाल मुनियाचा शागीर्द

डेन्स बॅरिंग्टन पेशाने वकील, वेल्समधल्या कोर्टांत न्यायाधीश. पण कोर्टापेक्षा त्याचं लक्ष भलतीकडेच जास्त. १७६५ साली लंडनला आलेल्या लहानग्या मोझार्टची त्याने स्वतः परीक्षा घेतली, आणि बाप पोराचं वय चोरतोय की काय या शंकेने साल्झबुर्गहून जन्माची नोंदसुद्धा मागवून घेतली. पक्ष्यांचं गाणं त्यांच्या रक्तातच असतं, असं त्या काळी बहुतेक जण धरून चालत. बॅरिंग्टनला त्याचाही दाखला हवा होता.

लिनेट नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं त्याने घरट्यातून काढून आणली आणि प्रत्येकाला वेगळा गुरू नेमून दिला. एकाला चंडोल, एकाला वुडलार्क, एकाला तीरचिमणी. पिल्लं मोठी होऊन गायला लागली ती ज्याच्या-त्याच्या गुरूचं गाणं. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा सगळा वृत्तांत छापून आला. त्यातली एक नोंद फार मोलाची आहे. तीरचिमणीकडे शिकलेल्या लिनेटचं गाणं पक्कं झाल्यावर बॅरिंग्टनने त्याला दोन साध्या लिनेटांच्या खोलीत टांगलं. ते दोघे ऐन बहरात गात होते. जवळजवळ तीन महिने हा सहवास चालला, पण पठ्ठ्याने आपल्या जातभाईंची एक तानसुद्धा उचलली नाही. शिकण्याची वेळ टळून गेली होती.

लेखात विद्वानांपेक्षा लंडनच्या पक्षी धरून विकणाऱ्यांचं ज्ञान जास्त आहे, आणि मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. कोणत्या पिल्लाला कुणाजवळ ठेवलं की ते कसं गाईल, यावर या लोकांचं पोट अवलंबून होतं. पिल्लाच्या पहिल्या कच्च्या, अडखळत्या गुणगुणण्याला त्यांच्या धंद्यात वेगळं नाव होतं. ही गुणगुण दहा-अकरा महिने चालते आणि मग गाणं बसतं, हे त्यांना ठाऊक होतं. बॅरिंग्टनने ते लिहून घेतलं आणि त्याची तुलना थेट तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलांशी केली. त्याच्या सांगण्यावरून जॉन हंटर या प्रख्यात शल्यवैद्याने काही पक्ष्यांचे गळे उघडून पाहिले. नराच्या गळ्याचे स्नायू मादीच्या स्नायूंपेक्षा भक्कम निघाले, आणि त्यांतही नाइटिंगेलचे सगळ्यांत भक्कम. कवटी मात्र कुणी उघडली नाही.

डार्विनने १८७१ च्या ग्रंथात बॅरिंग्टनचा आधार घेतला. पण हा विषय पुढे सरकायला एकोणिसावं शतक उलटून विसावंही निम्मं संपावं लागलं. अडचण साधी होती. पक्ष्याचं गाणं दोन-अडीच सेकंदांत संपतं, त्यातले स्वर माणसाच्या कानाला वेगळे काढता येत नाहीत, आणि दोन पक्षी तंतोतंत सारखं गायले की नुसतं साधारण सारखं, यावर दोन जाणकारांचं एकमत होत नाही.

ही अडचण सोडवली ती बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालेल्या ध्वनिलेखाच्या यंत्राने. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी ते पक्ष्यांसाठी वापरायला घेतलं. थॉर्प मुळात कीटकशास्त्रज्ञ. १९५० साली त्यांनी केंब्रिजजवळच्या मॅडिंग्ली गावात पक्ष्यांच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं. यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर खास कागद गुंडाळलेला असे. एक सुई ठिणग्यांनी तो कागद जाळत जाळत वर सरके, आणि २.४ सेकंदांच्या आवाजाचं चित्र करड्या-काळ्या रेघांत उमटे. खाली काळ, वर स्वराची उंची. चॅफिंच या पक्ष्याचं एक गाणं साधारण तेवढ्याच वेळाचं, म्हणजे कागदात चपखल मावणारं. आता गाणं कानाने आठवायची गरज उरली नाही. दोन कागद शेजारी ठेवायचे आणि पाहायचं.

थॉर्प यांनी चॅफिंचची पिल्लं चार-पाच दिवसांची असताना आणली, हाताने भरवली आणि मोठ्या नरांचा आवाज कानी पडणार नाही अशी ठेवली. पुढच्या वसंतात ती गायली. लांबी जवळपास बरोबर, पण गाण्याचे टप्पे पडत नव्हते, शेवटची ती डौलदार फिरत नव्हती. सारं सपाट. अशा एकट्याने वाढवलेल्या जीवांना जर्मन शास्त्रज्ञ ‘कास्पार हाउझर’ म्हणत. १८२८ मध्ये न्यूरेंबर्गच्या रस्त्यावर सापडलेल्या, अंधारकोठडीत वाढल्याचं सांगणाऱ्या मुलाचं ते नाव. आपल्याकडे अकबर बादशहाने तान्ह्या बाळांवर हाच प्रयोग केला होता. मुक्या राहणाऱ्या दायांच्या हाती मुलं सोपवली, आणि काही वर्षांनी पाहिलं तर त्यांना एक शब्द येत नव्हता. त्या वाड्याला लोकांनी ‘गुंग महाल’ नाव दिलं. पक्ष्यांच्या बाबतीत माणसं निदान नावापुरती तरी संकोचली असतील का, कोण जाणे. या विषयात जे काही कळलं, ते बहुतेक पिल्लांपासून काहीतरी हिरावून घेऊनच कळलं आहे, हे विसरून चालणार नाही.

थॉर्प यांचा खरा शोध दुसराच होता. त्यांनी काही चॅफिंच सप्टेंबरात रानातून धरले. त्याच उन्हाळ्यात जन्मलेले, अजून एकदाही न गायलेले. तेही एकांतात ठेवले. वसंत आला तेव्हा ते बऱ्यापैकी अस्सल चॅफिंचसारखे गायले. म्हणजे घरट्यात आणि घरट्याबाहेरच्या पहिल्या आठवड्यांत जे कानावर पडलं, ते कित्येक महिने कुठेतरी जपून ठेवलेलं होतं. आधी ऐकणं, मग लांबलचक मौन, मग गाणं. मधल्या काळात ते गाणं होतं कुठे?

हा प्रश्न थॉर्प यांच्या एका विद्यार्थ्याने अटलांटिकपार नेला. पीटर मार्लर यांची पहिली डॉक्टरेट वनस्पतिशास्त्रातली. तळ्यांच्या काठी हिंडताना त्यांच्या लक्षात आलं होतं की एका खोऱ्यातले चॅफिंच जसे गातात, तसे पलीकडच्या खोऱ्यातले गात नाहीत. या निरीक्षणाने त्यांना वनस्पतींपासून सोडवलं. केंब्रिजला थॉर्प यांच्याकडे दुसरी डॉक्टरेट करून १९५७ मध्ये ते कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले. तिथे त्यांना हवा तसा पक्षी दारातच सापडला. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेली एक अमेरिकन चिमणी. आपल्या घरचिमणीशी तिचं नातं फार लांबचं. तिचा नर आयुष्यभर एकच गाणं गातो. सुरुवातीला शीळ, मग थरथर. बर्कलीतल्या नरांची थरथर एका तऱ्हेची, खाडीपलीकडच्या मरिन परगण्यात दुसरी, दक्षिणेला सनसेट बीचवर तिसरी. मार्लर आणि मिवाको तामुरा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या बोलींचे ध्वनिलेख मांडले.

मग पिल्लं ध्वनिरोधक पेट्यांत गेली. पेटीत एक पिल्लू, एक कर्णा, आणि ठरल्या वेळी टेप. मार्लर यांचे निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. दहाव्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत टेप ऐकवली तर पिल्लू ते गाणं शिकतं, पन्नाशीनंतर नाही. स्वतःच्या जातीचं आणि परक्या जातीचं गाणं दोन्ही ऐकवलं तर ते आपलंच उचलतं. मरिनच्या पिल्लाला बर्कलीची बोली शिकवता येते, परजातीची भाषा मात्र शिकवता येत नाही. चित्र सुटसुटीत होतं. मेंदूत जन्मतःच एक ढोबळ साचा असतो, लहानपणी ऐकलेलं गाणं त्यात उमटतं, आणि पन्नासाव्या दिवशी दार बंद होतं.

साच्याच्या या कल्पनेला धार आणली मासाकाझू कोनिशी यांनी. क्योतोच्या निशिजिन भागातल्या रेशीम विणणाऱ्या घरातला हा मुलगा होक्काइदोला शिकून बर्कलीला मार्लर यांच्याकडे आला होता. कोनिशींनी आधी कोंबड्यांच्या कानाचा आतला भाग काढून पाहिला. कोंबडे ठार बहिरे होऊनही व्यवस्थित आरवत राहिले, कारण त्यांना आरवणं शिकावं लागतच नाही. मग ते चिमण्यांकडे वळले. काही पिल्लांना आधी गाणं मनसोक्त ऐकू दिलं, आणि ती गायला लागायच्या आत बहिरी केली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही अंगावर येतो. गुरूचं गाणं या पिल्लांच्या स्मरणात होतं, गळा धड होता, तरी बाहेर पडला तो घसरा, बेढब आवाज. एकांतात वाढलेल्या पिल्लांपेक्षाही वाईट. उलट, गाणं पक्कं झालेल्या प्रौढ नरांना बहिरं केलं, तेव्हा ते पूर्ववत गात राहिले. म्हणजे नुसतं आठवून भागत नाही. आपला आवाज आपल्या कानाने ऐकून आठवणीतल्या गाण्याशी पडताळत राहावं लागतं, रोज, महिनोन्‌महिने. लंडनच्या पारध्यांनी ज्या कच्च्या गुणगुणण्याला नाव दिलं होतं, तो हा रियाज.

आठवण आणि रियाज यांची मेंदूतली जागा शोधायचं काम आलं फर्नांडो नोटेबोम यांच्याकडे. ब्वेनोस आइरेसचे नोटेबोमही मार्लर यांचेच विद्यार्थी; पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. १९७६ मध्ये टेग्नर स्टोक्स आणि क्रिस्टियाना लेनर्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कॅनरीच्या अग्रमेंदूतले ठिपक्याएवढे भाग एकेक करून निकामी केले. त्यांतला एक आज ‘एचव्हीसी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तो गेला की कॅनरी गाण्याचा पवित्रा घ्यायचा, पण गाणं बाहेर पडत नसे. एचव्हीसीकडून निघालेले तंतू ‘आरए’ नावाच्या दुसऱ्या केंद्राकडे, तिथून पुढे कंठाच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींकडे. गाण्याचा रस्ता पहिल्यांदाच नकाशावर आला. त्याच वर्षी नोटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड यांनी दाखवलं की ही केंद्रं मादीपेक्षा नरात कितीतरी मोठी असतात. हंटरने गळ्यात पाहिलं होतं, तेच आता मेंदूत दिसलं. (या साऱ्या इतिहासात मादी कुठे आहे, हा प्रश्न वाचकाला पडला असेल तर रास्त आहे. थंड प्रदेशातले शास्त्रज्ञ थंड प्रदेशातले पक्षी पाहत होते, आणि तिथे बहुधा नरच गातो. गाणारे पक्षी जगभर पाहिले तर मादीही गाते अशा जाती मोठ्या संख्येने आहेत, हे २०१४ मध्ये ठळकपणे पुढे आलं.)

रस्त्याला एक फाटाही होता. एचव्हीसीकडून निघून मेंदूच्या आतल्या भागांतून वळसा घेत ‘एलमॅन’ नावाच्या केंद्रातून आरएकडे परत येणारा. हा आडमार्ग कशासाठी? १९८४ मध्ये सारा बॉटजर आणि सहकाऱ्यांनी झेब्रा फिंच या छोट्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यात एलमॅन निकामी करून पाहिलं. प्रौढ नराचं काहीच बिघडलं नाही. शिकाऊ पिल्लाचं मात्र गाणं अर्धवटच राहिलं. मेंदूत गाण्यासाठी एक मार्ग आणि गाणं शिकण्यासाठी दुसरा, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं. पुढे एमआयटीत मिशेल फी यांच्या गटाला आढळलं की अगदी कोवळ्या पिल्लाची पहिली गुणगुण एचव्हीसी नसतानाही चालते. ती एलमॅन चालवतं. पिल्लाच्या आवाजात जी मुद्दाम केल्यासारखी अस्थिरता असते, प्रत्येक वेळी थोडं वेगळं करून पाहणं असतं, ती तिथूनच येते.

१९८४ हेच साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं, आणि माझ्या मते ती गोष्ट मोठी आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचं संग्रहालय आहे. तिथे लुईस बाप्टिस्टा पक्षिविभाग सांभाळत. नाव वाचून आपल्याला वसई-गोवा आठवेल, पण ते हाँगकाँगमध्ये जन्मले. पट्टेरी चिमणीच्या बोलींवर त्यांचा कान इतका तयार होता की गाणं ऐकून ते पक्ष्याचा मुलूख सांगत. अशा माणसाला पेट्यांतल्या प्रयोगाबद्दल एक खटकत होतं. रानात पिल्लाला कर्णा शिकवत नाही. तिथे शिकवणारा समोर असतो. तो धावून येतो, हुसकावतो, उत्तर देतो, पिल्लाकडे बघतो.

बाप्टिस्टा आणि लुईस पेट्रिनोविच यांनी पन्नास दिवस उलटून गेलेली पिल्लं घेतली. मार्लर यांच्या हिशेबाने यांचं दार बंद झालेलं. टेपऐवजी त्यांच्या शेजारी जिवंत पक्षी ठेवला. मध्ये जाळी, पण एकमेकांना बघता येईल, जाळीवरून भांडता येईल अशी. काहींना शेजारी म्हणून त्यांच्याच जातीचा नर मिळाला. काहींना मिळाली लाल मुनिया.

होय, आपलीच. पावसाळ्यात उसाच्या आणि पाणगवताच्या कडेने थव्याने फिरणारी, विणीच्या दिवसांत नर लालभडक होऊन अंगभर पांढरे ठिपके मिरवणारी. तिचं शास्त्रीय नाव ‘अमंडावा अमंडावा’ हे अहमदाबादचं अपभ्रष्ट रूप. कारण तिथून ती पिंजऱ्यांतून परदेशी जात असे. पट्टेरी चिमणीशी तिचं ना कूळ जुळतं ना गाणं. आणि तरीही पन्नाशी उलटलेल्या चिमण्यांनी या शेजाऱ्याचं गाणं उचललं. स्वतःच्या जातीचे पक्षी त्याच जागेत, नजरेआड का होईना, गात होते. ते गाणं पिल्लांच्या कानावर पडत होतं. त्यांनी ते सोडलं आणि समोरच्या मुनियाचं घेतलं.

एका प्रयोगाने दोन नियम डळमळले. दार पन्नासाव्या दिवशी बंद होत नव्हतं, आणि जातीबाहेरचं गाणं शिकता येत नाही हेही खरं नव्हतं. त्यावर वाद झाले. तुलना नीट झाली आहे का, टेपचा आणि जिवंत पक्ष्याचा ऐकण्याचा काळ सारखा होता का, असे आक्षेप आले आणि ते सगळेच फोल नव्हते. पण एक गोष्ट मागे घेता आली नाही. टेप म्हणजे गुरूच, फक्त अधिक सोयीचा, हे जे धरून चाललं होतं, ते चूक होतं. नियम पक्ष्याचा म्हणून सांगितला गेला, पण त्याचा बराचसा भाग यंत्राचा होता.

हे आधीच कळायला हवं होतं असंही म्हणता येईल. जर्मनीत क्लाउस इमेलमान यांनी १९६९ मध्येच झेब्रा फिंचची पिल्लं बेंगॉलीज फिंच या दुसऱ्या जातीच्या पालकांकडे वाढवायला दिली होती. (हा बेंगॉलीज फिंच म्हणजे पांढऱ्या पाठीच्या मुनियाचा माणसाळलेला वंश, बंगालशी त्याचा संबंध नावापुरता, माणसाळवला जपानने.) पिल्लं पालकबापाचं गाणं शिकली. शेजारच्या पिंजऱ्यांत त्यांच्या जातीचे नर गात असूनही. ज्याने भरवलं त्याचं गाणं घेतलं. आपल्याकडे गाणं शिकलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, पण विज्ञानाला ते मोजून हवं होतं.

मोजायला झेब्रा फिंचच योग्य ठरला. पट्टेरी चिमणी हंगामी, रानटी, तिचं एक वर्ष म्हणजे शास्त्रज्ञाचंही एक वर्ष. झेब्रा फिंच पिंजऱ्यात बारा महिने वीण करतो आणि साधारण नव्वद दिवसांत पिल्लाचं गाणं पक्कं होतं. त्याच्यावर काम करताना लूसी ईल्स यांना १९८५ मध्ये दिसलं की गुरू न मिळालेल्या पिल्लाचं शिकण्याचं दार बराच काळ उघडं राहतं. ज्याला वेळेवर बाप मिळाला, त्याचं वेळेवर मिटतं. दाराला कालनिर्णय लावलेला नव्हता. शिकणंच दार बंद करत होतं.

मेंदूत हे बंद होणं दिसतं कसं, ते पाहायला आणखी पंचवीस वर्षं गेली. ड्यूक विद्यापीठात टॉड रॉबर्ट्स आणि रिचर्ड मूनी यांच्या गटाने जवळजवळ साठ दिवसांपर्यंत गाणं न ऐकलेली झेब्रा फिंचची पिल्लं घेतली. एचव्हीसीतल्या काही पेशी हिरव्या चमकतील अशी जनुकीय सोय केली, कवटीत बारीकशी खिडकी बसवली आणि जिवंत मेंदूतल्या एकाच पेशीच्या फांदीचे पुन्हापुन्हा फोटो घेतले. फांदीवर बारीक काटे असतात. दुसऱ्या पेशीचा संदेश बहुधा या काट्यावर येऊन पोचतो. तासा-दोन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत काही काटे नाहीसे झालेले, काही नवे उगवलेले दिसत. काही पिल्लांत ही ये-जा फार, काहींत जवळपास थांबलेली. मग त्यांना पहिल्यांदाच प्रौढ नराच्या सहवासात सोडलं. ज्यांच्यात ये-जा जास्त होती, त्यांच्यात एका दिवसाच्या आत काटे स्थिरावले, जाडावले, संदेशही जोरकस झाले. पुढे याच पिल्लांनी गुरूची नक्कल अधिक हुबेहूब केली. ज्यांच्यात काटे आधीच थिजलेले होते, त्यांना गुरू मिळूनही फारसा उपयोग झाला नाही.

हा लेख २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बॅरिंग्टनच्या पिंजऱ्यात तीन महिने न बधलेला लिनेट आठवून पाहिला तर त्याच्या मेंदूत काय झालं असेल, याचा अंदाज इथे पहिल्यांदा बांधता येतो. २०१६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मायकेल लाँग यांच्या प्रयोगशाळेने त्यात भर घातली. गाण्याचा जो तुकडा पिल्लाला गुरूसारखा जमतो, तेवढ्याच तुकड्याच्या वेळी एचव्हीसीत आवर घालणाऱ्या पेशी जोर धरतात आणि गुरूचा आवाज पुन्हा आत येऊन गडबड करणार नाही अशी व्यवस्था करतात. तेही वयानुसार नाही, जमलेल्या तुकड्यानुसार.

राहिला बाप्टिस्टांचा प्रश्न. कर्ण्यातून येणारा आवाज आणि समोरच्या पक्ष्याचा आवाज, हवेतल्या लहरी म्हणून सारखेच. मग पिल्लाच्या मेंदूला फरक कळतो कुठे? उत्तर २०१८ मध्ये पुन्हा मूनी यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. मासाशी तनाका हे त्याचे मुख्य लेखक. मध्यमेंदूत डोपामिन पाठवणाऱ्या काही पेशी आहेत, त्यांचे तंतू थेट एचव्हीसीत पोचतात. खरा नर समोर गायला की पिल्लाच्या या पेशी पेटून उठतात. तेच गाणं कर्ण्यातून वाजवलं की गप्प राहतात. शिकवणी चालू असताना हा संदेश अडवला, तर समोर जिवंत गुरू असूनही पिल्लू शिकलं नाही. आणि याच्या उलट करून पाहिलं. कर्ण्यावर गाणं वाजवलं आणि त्याच क्षणी प्रकाशाच्या झोताने हे डोपामिनचे तंतू चेतवले. पिल्लू कर्ण्याकडून शिकलं.

तोवर रॉबर्ट्स टेक्ससमध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवत होते, आणि तिथे त्यांनी गुरू पूर्णच वगळून पाहिला. एचव्हीसीला ऐकीव माहिती पुरवणारं ‘एनआयएफ’ नावाचं एक केंद्र आहे. गाणं कधीच न ऐकलेल्या पिल्लांत या दोन केंद्रांमधले तंतू प्रकाशाने चेतवले. काही पिल्लांत झोत आखूड, काहींत लांब. बाहेर कुठलाही आवाज नाही. ही पिल्लं मोठी झाली तेव्हा आखूड झोतवाल्यांच्या गाण्यात आखूड स्वर आले, लांब झोतवाल्यांच्या गाण्यात लांब. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या या कामात आणखी एक निरीक्षण आहे. शिकवणीच्या आधी ही जोडणी तोडली तर पिल्लू गुरूची नक्कल करूच शकत नाही. एकदा शिकवणी झाल्यावर तोडली तर आठवण शाबूत राहते. थॉर्प यांच्या सप्टेंबरातल्या चॅफिंचांनी ते गाणं कुठे ठेवलं होतं, त्या जागेचा उंबरठा तरी यातून सापडला. झोताने मात्र रुजवता आली ती स्वराची लांबी एवढीच. कोणता स्वर, कसा वळवायचा, कशामागून कोणता घ्यायचा, यातलं काहीही त्या पिल्लांना प्रकाशातून मिळालं नाही.